वणावरचे केस

माझ्यातून पाहिलं तर माणसाचा केस सुतळीएवढा जाड दिसतो. मी डॉक्टर संघप्रिया वाघमारे यांचा भिंगाचा चष्मा. तपासणीच्या आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्या मला डोळ्यांवर चढवायच्या आणि आम्ही दोघं मिळून लोकांची डोकी बघायचो. मला दोन वितींवरचंच स्पष्ट दिसतं, त्यापलीकडचं सगळं धूसर. पण ऐकू मात्र सगळं येतं. कानांवरच बसायचं म्हटल्यावर ते यायलाच हवं.

माझा जन्म कारखान्यातला, पण घडलो मी बाईंच्या मापाने. त्यांच्या नाकाची उंची, दोन डोळ्यांमधलं अंतर, मान किती वाकवली की त्यांना दुखत नाही, हे सगळं मोजून मला बनवलं. त्या तेव्हा सरकारी रुग्णालयात होत्या. बंदरावर साखळीत सापडलेली, कारखान्यात पट्ट्यात गेलेली बोटं त्यांच्यापुढे यायची आणि त्या ती जोडायच्या. निळं पडलेलं बोट टाके घातल्यावर हळूहळू गुलाबी व्हायचं, तेव्हा मला माझाच अभिमान वाटायचा.

मग बाईंनी ऐरोलीत स्वतःचा दवाखाना काढला आणि बाहेर पाटी लावली, केसांचे विकार आणि केशरोपण. जुने एक सहकारी उद्घाटनाला आले आणि पेढा तोंडात टाकताना म्हणाले की बोटं जोडणारी आता टकलं सारवणार. बाई नुसत्या हसल्या. मला मात्र ते लागलं. कुठे रक्तवाहिन्या आणि कुठे टक्कल! बरेच दिवस मी रुसूनच त्यांच्या नाकावर बसत होतो.

माझा रुसवा गेला तो इथे येणारी माणसं बघून. लोक गळलेले केस कागदाच्या पुडीत बांधून आणायचे आणि अंगारा उघडावा तशी ती पुडी टेबलावर उघडायचे. दहांतले आठ जण पाण्याला दोष द्यायचे. सोसायटीत बोअरचं पाणी आलं आणि केस गेले, हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्या बोअरची मला दया येते. डेंग्यूनंतर केस जाऊ लागलेल्या बायका रडत यायच्या. बाई त्यांना समजावायच्या, की तापाने गेलेले केस ताप विसरला की परत येतात, नीट जेवा आणि धीर धरा. कुणाला चाई, म्हणजे केस जाऊन गोल चट्टा, पडलेली असायची, त्याला औषध. आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना बाई सुई न लावताच घरी पाठवायच्या. दवाखान्यातले मदतनीस पंढरीकाका, वय साठीला टेकलेलं, म्हणायचे की आपण दुकान उघडलंय की गिऱ्हाईक परत पाठवायचं ऑफिस.

ज्यांना खरंच केस लावायचे त्यांचं काम असं. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस सहसा शेवटपर्यंत टिकतात. तिथला एकेक केस मुळासकट उचलायचा आणि पुढे लावायचा. मागचा साठा मोजकाच. एकदा उधळला की संपला.

हे केतनला पटलं नाही. केतन इथल्याच एका आयटी कंपनीतला, विशी नुकती ओलांडलेला. बाईंनी त्याला सांगितलं की तुझे केस अजून गळतायत, आत्ता पुढे लावले तर त्यांच्यामागचे गळत जाऊन पुढे नुसतं बेट उरेल, आधी औषध घे आणि थांब. त्याला लेक्चर नको होतं, तारीख हवी होती. बाईंनी दिली नाही. तो तणतणत गेला आणि कुठल्याशा पार्लरच्या मागच्या खोलीत, जिथे डॉक्टर नावालाही नव्हता, तिथे डोकं देऊन बसला. वर्षाने परत आला तेव्हा त्याचं मागचं डोकं वाळवीने खाल्लेल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं. बाई माझ्यातून बराच वेळ बघत राहिल्या. जे राहिलंय ते टिकवण्याचं औषध त्यांनी दिलं आणि जे होणार नाही ते स्पष्ट सांगितलं. केतनने पुढे डोकं तासायला सुरुवात केली. त्याला ते शोभतंही.

त्या दिवसापासून बाई जास्त कडक झाल्या. प्रत्येक छेद स्वतः घ्यायचा, आणि सुई उचलण्याआधी रुग्णाला एकट्याला आत बोलवून विचारायचं, हे केस नक्की कुणाला हवेत?

आणि मग एक दिवस नमिता आली.

नमिता म्हात्रे, घणसोली गावातली, सव्विसाव्या वर्षातली. सोबत आई, विमलबाई. नमिता चार वर्षांची असताना नात्यातल्या एका हळदीच्या मांडवात उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडलं होतं. डाव्या कानाच्या वरपासून कपाळापर्यंत तळहाताएवढा वण राहिला, गुळगुळीत आणि पांढुरका. त्यावर एकही केस नाही. ती कायम ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळायची. ऑफिसात डावी बाजू भिंतीकडे येईल अशी खुर्ची धरायची. शाळेत ती कबड्डी उत्तम खेळायची, हे विमलबाईंनी सांगितलं. मोठी झाल्यावर ओढणी सांभाळून चढाई करता येईना, म्हणून तिने खेळ सोडला.

बाईंनी तिला एकटीला विचारलं. नमिताने ओढणी कानावर ओढून घेतली. मग म्हणाली, "आईला हवेत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग आत्ता नको, असं त्या म्हणाल्या. दाराबाहेर विमलबाईंनी ते ऐकलं आणि त्या आतच आल्या.

"डाक्टरीन बाय, पोरीला बगाला पावने येतान. वढनी सरकली का चा तसाच ठेवून उटतान. मी किती येला त्यांचं कप उचलू?"

बाईंनी कितीतरी जणांना नाही म्हटलेलं मी ऐकलंय. त्या दिवशी त्यांना ते जमलं नाही. फक्त चाचणी करू, वणाच्या कडेला थोडेसे केस लावून बघू, असं त्यांनी कबूल केलं.

तो दिवस मला चांगला आठवतो. निरोगी कातडीला छेद दिला की लाल टिपूस येतो. नमिताच्या वणाला छेद दिला तर छिद्रं कोरडीच राहिली. जिथे रक्त पोचत नाही तिथे केस काय खाणार? बाईंच्या कपाळाला पडलेली आठी मला माझ्या दांडीवर जाणवली. तरी त्यांनी केस लावले. काही महिने वाट पाहिली. एकही जगला नाही.

बाईंनी ते मायलेकींना समोर बसवून सांगितलं. चूक तुझ्या डोक्याची नाही, वणाखाली रक्त कमी आहे आणि मी ते ओळखूनही आशेवर गेले, असं म्हणाल्या. विमलबाईंनी तोंडाला पदर लावला. नमिताने ओढणी पुन्हा गुंडाळली, मॅडमना थँक्यू म्हटलं आणि ती गेली. मला वाटलं, संपलं.

बाईंसाठी ते संपलं नव्हतं. त्या दुपारच्या मोकळ्या वेळात वणांवरचं वाचत बसायच्या, सरकारी रुग्णालयातल्या त्यांच्या जुन्या सरांना फोन लावायच्या. भाजलेल्या कातडीखाली रुग्णाच्याच पोटावरची थोडी चरबी गाळून सोडली तर वण मऊ होतो, तिथे नव्या रक्तवाहिन्या येऊ शकतात, हे त्यांनी एका शिबिरात जाऊन हाताने करून पाहिलं. फोनवर सर म्हणाले की एवढा खटाटोप थोड्या केसांसाठी कशाला करतेस. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, बोट जोडताना तुम्ही हे कधी विचारलं नव्हतंत."

तेव्हा माझा उरलासुरला रुसवाही गेला.

पावसाळा सरल्यावर नमिता एकटीच आली. मला आधी तिचं कोपर दिसलं, सोललेलं, त्यावर खपली. मग डोकं दिसलं. ओढणी नव्हती.

तिने सांगितलं ते असं. गावच्या मुलींच्या संघात एक जण आजारी पडली, आणि शाळेतल्या मैत्रिणीने हिला बोलावलं. नमिता ओढणी पिनांनी घट्ट बसवून उतरली. दुसऱ्याच चढाईत समोरच्या मुलीने पकडायला हात घातला आणि ओढणी पिनांसकट तिच्या हातात आली. पंचांनी शिट्टी तोंडाला लावली. ती मुलगी ओढणी हातात धरून सॉरी, सॉरी म्हणत उभी राहिली. नमिता अजून त्यांच्याच हद्दीत होती, दम सुटला नव्हता. तिने "कबड्डी, कबड्डी" चालूच ठेवलं, त्या मुलीला शिवलं आणि मधली रेषा गाठली.

"सामना हरलो आम्ही," ती म्हणाली. "पण ओढणी मी परत घेतली नाही."

बाईंचा चेहरा मला दिसला नाही, मी त्यांच्याच चेहऱ्यावर होतो. पण त्यांनी आधी तिचं सोललेलं कोपर हातात घेऊन बघितलं. मग आता केसांचं काय, असं त्यांनी विचारलं. मलाही वाटलं, ही सांगायला आली आहे की आता गरज नाही.

"आता लावा, मॅडम. आधी आईला हवे होते. आता लपवायचं काही नाही, सगळ्या गावाने बघितलंय. आता मला हवेत, माझे मला. नाही आले तरी मी खेळणारच आहे."

बाईंनी तिला काहीही गोड करून सांगितलं नाही. आधी चरबीचे उपचार, मग थांबणं, मग पुन्हा चाचणी, आणि सगळं करून केस विरळच येतील, कदाचित येणारही नाहीत. शिवाय केस लावल्यावर काही महिने मैदान बंद. त्या शेवटच्या अटीवर नमिताने खूप घासाघीस केली. बाकीच्या अटी तिने लगेच मानल्या.

वण मऊ व्हायला वेळ लागला. मग पुन्हा तीच खोली, तोच दिवा, मी बाईंच्या डोळ्यांवर. पहिला छेद दिला. आम्ही दोघं थांबलो. छिद्राच्या तळाशी काहीतरी चमकलं आणि लाल टिपूस वर आला.

"रक्त आलं," बाई मास्कमधून म्हणाल्या. रक्त बघून इतका आनंद झालेला डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. पंढरीकाकांनी पण मान वाकवून बघितलं.

चाचणीतले निम्म्याहून जास्त केस जगले. मग पुढे मोठं काम झालं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाई केस उचलत होत्या, लावत होत्या, मधे फक्त पाणी प्यायला थांबायच्या. नमिता जागीच होती, डोकं तेवढं बधिर. ती पंढरीकाकांना कबड्डीचे नियम समजावत होती आणि ते मुद्दाम चुकीचे प्रश्न विचारत होते.

तीन-चार आठवड्यांत लावलेले केस गळायला लागले. ते गळतातच, मूळ आत राहतं आणि नवा केस नंतर येतो. नमिताला हे माहीत होतं, पण विमलबाईंचा जीव राहिना. त्या पिशवीत केस घेऊन धावत आल्या. बाईंनी त्यांना बसवून पुन्हा पहिल्यापासून समजावलं. नमिताने आईच्या हातून पिशवी घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पुढे दोन-तीन महिन्यांनी माझ्यावर संकट आलं. ट्रे सरकला, मी खाली पडलो आणि डाव्या भिंगाला आरपार तडा गेला. असलं भिंग बदलून मिळेना. बाईंनी नवा चष्मा मागवला, त्याला म्हणे पुढे दिवा असतो. तो यायच्या आत नमिताच्या तपासणीचा दिवस आला.

बाईंनी मला हातात घेतलं, डोळ्यांवर चढवलं नाही. उजवं भिंग एका डोळ्याला लावून त्या वणावर वाकल्या. मी आयुष्यात कधी इतकं नीट बघितलं नव्हतं. पांढुरक्या कातडीतून, मुंगीच्या पायाएवढं बारीक, काळं टोक वर आलेलं. त्याच्या शेजारी दुसरं. मग थोडी जागा मोकळी, मग तिसरं.

बाईंनी मला विमलबाईंच्या हातात दिलं. मला कसं धरायचं ते त्यांना कळेना, त्यामुळे आधी सगळं हललं. मग त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं आणि श्वास रोखला.

"हाय," त्या हळूच म्हणाल्या. "हाय गो बाय. तुजंच हाय."

आता त्या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. नमिताचे केस दाट नाहीत. वाऱ्यावर वण दिसतो आणि ती तो दिसू देते. रविवारी केस मागे बांधून मैदानात उतरते. पाहुणे येणं थांबलंय, कारण तिने आईला सांगून ठेवलंय की ज्याला यायचंय त्याने आधी माझा सामना बघायला यावा. विमलबाई प्रत्येक सामन्याला सगळ्यांत पुढे बसतात, असं पंढरीकाका सांगतात.

शस्त्रक्रियेला आता दिव्याचा नवा चष्मा जातो. त्याचा मला राग नाही, बाईंच्या मानेला तो हलका आहे. मी त्यांच्या टेबलावर असतो. जो येतो त्याच्या घरच्यांच्या हातात बाई मला देतात आणि म्हणतात, स्वतः बघा, मग ठरवू.

तुम्हीही कधी आलात तर एवढं करा. पुडीतले केस घरी ठेवून या. तुमच्या डोक्याला सुई कोण लावणार आहे, ते नाव विचारा. आणि डॉक्टरने नाही म्हटलं तर लगेच उठून जाऊ नका, थोडं बसा आणि ऐका. आलात की मला निःसंकोच उचला. माझं डावं भिंग फुटलंय, पण उजव्याने मी अजून पुष्कळ बघणार आहे.