लाइनीवरचं दुसरं यंत्र

“मोनाली, तुमच्या इंटरनेटच्या लाइनवर दुसरं एक यंत्र दिसतंय. रोज दुपारी, चारच्या सुमाराला.”

कंपनीच्या सोनिका मॅडमचा आवाज लॅपटॉपमधून थेट बाहेरच्या खोलीत येत होता. हेडफोन बिघडल्यापासून मोनाली दार लोटून घ्यायची आणि तशीच बोलायची. बाहेर पलंगाशी बसून तिचे सासरे रुपराव बायकोला पेज भरवत होते. चमचा सुभद्राबाईंच्या ओठांशी थांबला.

“घरच्या कोणी जोडलं असेल तर आत्ताच सांगा. लेखी समज देऊन भागवता येईल. आपल्याकडे पेशंटचे कागद असतात, हे तुम्हालाही माहीत आहे.”

“नाही मॅडम. घरी फक्त सासू-सासरे असतात. आई पलंगावर आहेत आणि बाबांना यातलं काही कळत नाही.”

“त्यांना एकदा विचारून सांगता का?”

“विचारायची गरज नाही मॅडम. मी खात्रीने सांगते.”

अर्ध्या मिनिटाचं काम होतं. उठायचं, दार ढकलायचं आणि म्हणायचं, मी जोडलं. रुपराव उठले नाहीत. पेज सुभद्राबाईंच्या हनुवटीवरून ओघळली, ती त्यांनी टॉवेलने पुसली, आणि तेवढ्यात आतलं बोलणं संपलं. मोनाली पाणी प्यायला बाहेर आली.

“आई जेवल्या का बाबा?”

“जेवली.”

“बरं,” म्हणून ती परत कामाला बसली.

रुपरावांना काही कळत नाही, हे मात्र साफ खोटं होतं. खापरखेड्याच्या बाजूला एका ठेकेदाराकडे त्यांनी एकतीस वर्षं वायरमनचं काम केलं होतं. पेन्शनबिन्शन ठेकेदाराच्या माणसाच्या नशिबी नसते. एकुलता एक पियुष चार वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला. वर्षश्राद्ध झालं की सून माहेरी जाईल, असं सगळ्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मोनाली गेली नाही. विम्यासाठी आलेले दवाखान्याचे कागद घरबसल्या तपासायचं काम तिने धरलं, आणि मानेवाड्यातल्या त्या दोन खोल्या तेवढ्यावर चालू राहिल्या. इंटरनेटची लाइनसुद्धा कंपनीनेच घेऊन दिली होती. अट एकच, कंपनीच्या लॅपटॉपशिवाय तिच्यावर काही जोडायचं नाही. मोनालीने तशी सही केली होती.

मागच्या वर्षी सुभद्राबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि पुढे पुढे माणसं ओळखणंही गेल्यासारखंच झालं. नवरा समोर बसला तरी त्या भिंतीकडे पाहावं तशा पाहायच्या. त्यातच केबलवाल्या गौरांगने जुना सेट-टॉप बॉक्स बदलून नवा लावला. तो इंटरनेटवरचंही दाखवायचा. एका रविवारी मोनालीने आपल्या मोबाइलचं नेट त्याला जोडलं आणि शोधता शोधता सासूच्या माहेरचा, पारशिवनीकडच्या गावाचा एक व्हिडिओ लावला. मंडईच्या जत्रेतली खडी गंमत होती, बायांची कामंही पुरुषच करतात तो तमाशा. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवली होती. ढोलकी वाजत होती, आणि लुगडं नेसून कमरेवर हात ठेवून नवऱ्याला फैलावर घेणारी बाई म्हणजे सुभद्राबाईंचा थोरला भाऊ देवाजी. त्याला जाऊन अकरा वर्षं झालेली.

सुभद्राबाई हसल्या. अर्ध्याच तोंडाने, पण आवाज करून. रुपराव आणि मोनाली एकमेकांकडे पाहतच राहिले. त्या घरात कित्येक महिन्यांत कुणी हसलं नव्हतं.

पण मोबाइलचं नेट दुपारपर्यंत संपून जायचं. देवाजी तोंड उघडून तसाच थिजायचा आणि सुभद्राबाई लहान पोरासारख्या रडायला लागायच्या. पंधरा दिवस रुपरावांनी ते रडणं ऐकलं. सोळाव्या दिवशी ते सीताबर्डीला गेले आणि एका वायरीच्या दोन करायची डबी घेऊन आले. मोनाली भाजीला गेली तेवढ्यात त्यांनी कपाटामागून वायर टीव्हीपर्यंत आणली, क्लिपा ठोकल्या. कामात सफाई अशी की केर काढतानासुद्धा दिसू नये. सही कशावर केली ते मोनालीने सांगितलेलं त्यांना आठवत होतं. पण सारा जन्म विजेत काढलेला माणूस. एवढ्या मोठ्या लाइनीवर एक दिवा जास्त लागला तर कुणाचं काय जातं, असा त्यांचा हिशेब होता. आपण कोणता दिवा किती वाजता लावतो ते तिकडे बसलेल्या माणसाला दिसतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दोन महिने रोज चार वाजता, आवाज बारीक करून, देवाजी येत राहिला आणि सुभद्राबाई हसत राहिल्या. आत कामात असलेल्या मोनालीला ते आपल्या मोबाइलच्याच नेटवर चाललंय असं वाटायचं. रुपरावांना त्या दोन महिन्यांत आपण पुन्हा संसारी माणूस झाल्यासारखं वाटलं.

आणि मॅडमनी विचारलं तेव्हा ते गप्प का बसले? ठेकेदाराकडे रीतच तशी होती. काही जळलं आणि सुपरवायझर विचारायला आला की खाली मान घालून उभं राहायचं. तीन दिवस तो बोंबलतो, चौथ्या दिवशी दुसरं काही जळतं. या रीतीवर त्यांची एकतीस वर्षं निभावली होती. त्याच संध्याकाळी मोनाली दळण आणायला गेली तेव्हा त्यांनी वायर काढून गुंडाळून ठेवली. झालं, मिटलं, असं त्यांना वाटलं.

चौथ्या दिवशी अकरा वाजता मोनाली आतून बाहेर आली. कामाच्या वेळात ती कधी बाहेर येऊन बसायची नाही. आज ती पलंगाच्या कडेला बसली.

“काढलं मले कामावरून.”

“काहून?”

“खोटं बोलली म्हणून. त्यायच्यापाशी साऱ्या तारखा हायेत. चार वाजून दोन मिनिटं, चार वाजून पाच मिनिटं. टीव्हीचा बॉक्स होता म्हणते. अन् मी भांडून राहिली त्यायच्याशी, का आमच्या घरी असं कोणी करूच शकत नाई.”

“मीच जोडलं होतं बेटा. हिच्यासाठी.”

“मालूम हाये. आताच पाहिल्या मी कपाटामागं क्लिपा.” ती थोडा वेळ सासूच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिली. “त्या दिवशी मॅडमचा फोन आला, तवा तुमी इथंच बसून होते न?”

“हो.”

“आयकून राहिले होते?”

“हो.”

“मंग?”

“मले वाटलं, विसरून जातीन ते.”

“जोडल्याचं काई नव्हतं बाबा. समज देऊन सोडून देत होते. मी तुमच्यासाठी खात्री देल्ली, ते नडलं.”

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. उठून स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावला. रुपरावांना स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन गेला, लाइनही काढली. आता मोनाली कळमन्याला एका अडत्याच्या दुकानात पावत्या लिहिते. सकाळी सहाला निघते, दिवसभर मिरचीच्या पोत्यांत बसते, संध्याकाळी खोकत घरी येते. मोबाइल तिच्याबरोबर जातो. घरात नेट नाही.

तरी चार वाजले की सुभद्राबाईंची मान टीव्हीकडे वळते. आठ-दहा दिवस रुपरावांनी ते पाहिलं. मग एका दुपारी त्यांनी दार लावून घेतलं, बायकोचं पातळ अंगाला गुंडाळलं आणि कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभे राहिले.

“सकाऊनपासून कुठं गेल्ता रे मुडद्या?” त्यांनी देवाजीच्या आवाजात म्हणून पाहिलं. एक गिरकी घेतली. गुडघा कळवळला, धाप लागली, तरी आठवतील तेवढे बोल ते म्हणत राहिले.

सुभद्राबाईंचा डावा हात उचलला गेला. आपल्यालाच बोलावते आहे असं वाटून रुपराव पुढे सरकले, तसा तो हात हवेत बाजूला झाला. पुन्हा झाला. सुभद्राबाईंना टीव्ही दिसत नव्हता, मध्ये रुपराव होते. ते बाजूला झाले, आणि बंद टीव्हीकडे त्या बघत राहिल्या.

संध्याकाळी मोनाली आली, हातपाय धुतले.

“आईले गोळ्या देल्ल्या का बाबा?”

“देल्ल्या.”

“बरं,” म्हणाली ती. पण थांबली नाही. फळीवरचा डबा काढून तिने गोळ्यांची पट्टी उजेडात धरली आणि रिकाम्या जागा बोटाने मोजल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती यायच्या आधी रुपराव स्वतःच ती पट्टी काढून, तिला दिसेल अशी टेबलावर ठेवू लागले.