अर्धवट ऐकणारे

सासूबाई गोड वागायला लागल्या होत्या, आणि सुनेला तेच सोसवत नव्हतं.

सून वाचनालयाची वेबसाइट सांभाळायची. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तिथे पुस्तकं मोठ्यानं वाचून, रेकॉर्ड करून ठेवलेली असत. सासूबाई ती वाचून देणाऱ्यांपैकी एक, हौशी. मागच्या खोलीत दाराच्या फटीला चादर कोंबून, घसा खाकरून बसायच्या. मग घरात शिंकायचीसुद्धा चोरी.

कुठलं पुस्तक किती ऐकलं जातं, असं ग्रंथपालांनी विचारलं तेव्हा सुनेनं सर्व्हरच्या लॉगमधून, म्हणजे त्यानं आपोआप ठेवलेल्या नोंदींमधून, आकडे काढून दिले. सासूबाईंच्या नव्या कादंबरीपुढे जवळजवळ शून्य होतं. ग्रंथपाल मोठ्या अदबीनं सासूबाईंना म्हणाले, आता जरा विश्रांती घ्या. आपलं वाचन कुणी ऐकत नाही आणि ते आकडे सुनेनं दिलेत, हे सासूबाईंना कळलं. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं, ते राहिलंच. माइक कपाटात गेला. त्या भांडल्या असत्या तर सुनेला बरं वाटलं असतं; पण त्या गोडच बोलत राहिल्या.

मग एके दिवशी वाचनालयात एका गृहस्थांचा फोन आला. शेवटचं प्रकरण कधी येणार, बाईंची तब्येत बरी आहे ना? सुनेनं त्यांचं खातं पाहिलं, तर त्यांनी एकही प्रकरण ऐकल्याची नोंद नव्हती. तिनं जपून तसं सांगितलं. ते हसायलाच लागले. म्हणाले, सलग ऐकू कोण देतं? मध्येच हाक येते, चहा येतो, डुलकी लागते. बंद करायचं, पुन्हा लावायचं.

फोन ठेवून सून तडक सर्व्हरची सेटिंग्ज बघायला बसली. तिच्या आधीच्या माणसानं जागा वाचवायला सर्व्हरला बजावून ठेवलं होतं: फाइल एका दमात शेवटपर्यंत गेली तरच नोंद कर, जोडणी मध्येच तुटली, म्हणजे कुणी मध्येच बंद केलं, तर लिहू नकोस. आणि सासूबाईंची प्रकरणं तर चांगली लांबलचक. हे न बघताच आपण आकडे दिले, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ती अट काढून टाकली आणि वाट बघितली. आठवडाभरात लॉग तुटलेल्या जोडण्यांनी भरून गेला.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. तिनं सगळं सांगितलं.

"मध्येच सोडून जातात म्हणजे कंटाळतातच की," सासूबाई म्हणाल्या.

"आई, कंटाळलेलं माणूस परत येत नाही. हे येतात. जिथे तुटलं होतं, नेमकं तिथूनच पुढे ऐकतात."

"सगळे?"

"बहुतेक सगळे. आणि रोज कुणी ना कुणी शेवटचं प्रकरण आलं का बघून जातं. चूक माझी होती, आई. न तपासता आकडे दिले मी."

सासूबाईंनी भाजी बाजूला सारली. उठल्या, सावकाश पाणी प्यायल्या आणि घसा खाकरला. किती दिवसांनी तो आवाज घरात ऐकू आला, आणि सुनेचे डोळे भरून आले.

"रडायचं नंतर," सासूबाई म्हणाल्या. "आधी चादर आण. आणि शिंक आलीच, तर बाहेर जाऊन शिंक."