घरी क्रेन बंद

त्याला सगळे क्रेन म्हणत. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत तो कामाला होता आणि जिथे इतरांपैकी दोघं लागत, तिथे तो एकटा पुरायचा. वॉशिंग मशीन पट्ट्याने पाठीला बांधून चौथ्या मजल्यावर न्यायचं, आणि छाती भात्यासारखी चालत असली तरी शीळ घालत खाली उतरायचं, ही त्याची पद्धत. हे टोपणनाव त्याला इतकं आवडायचं की दारावरची पाटी बदलायचीच काय ती बाकी राहिली होती.

घरी मात्र क्रेन बंद असायची. हा त्याचा स्वतःचा विनोद, आणि स्वतःच्या विनोदाला तो स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसायचा. बायकोने गादी उलटायला हाक मारली, आईला उठवायला जरा हात लावा म्हणाली, की सोफ्यावरून उत्तर यायचं, "घरी क्रेन बंद! दिवसभर लोकांची कपाटं उचलतो बाई, घरी बोटसुद्धा उचलणार नाही." सुरुवातीला बायकोही हसायची. मग तिने हसणं सोडलं, आणि त्यानंतर बोलावणंही सोडलं. आपल्याला आता कोणी त्रास देत नाही, याचं त्याला बरंच वाटलं.

आई आतल्या खोलीत असायची. वर्षापूर्वी तिचं डावं अंग गेलं होतं. सकाळी तो कामावर निघताना ती पलंगावर असे, संध्याकाळी परत येईपर्यंत खिडकीशी खुर्चीत, आणि जेवून टीव्हीसमोर त्याची डुलकी होईस्तोवर पुन्हा पलंगावर. तो रोज तिच्याजवळ बसायचा, तिचे पाय चेपायचा, दिवसभराच्या गमती सांगायचा. मुलगा म्हणून आपण लाखात एक आहोत, अशी त्याची खात्री होती. पलंगावरची आई खुर्चीत कशी जाते, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

आणि अशात त्याची बायको जूडो शिकायला लागली.

बायको म्हणजे एवढीशी. घरी शिवणकाम करायची. मशीनवर वाकली की मशीनच मोठं दिसायचं. "कंबर धरते माझी, म्हणून जाते," एवढंच ती म्हणाली. ती गेली की शेजारच्या काकू आईपाशी येऊन बसत.

"कंबर धरते तर पडून राहा," क्रेन म्हणाला. "लोकांना आपटून कंबर बरी होते होय?"

"आपटत नाही हो. शिकवतात."

"कोण?"

"सर."

झालं. त्या दिवसापासून हा सर त्यांच्या घरात राहायलाच आला. सर म्हणतात, ताकद हातात नसते, कमरेत असते. सर म्हणतात, जोर लावताना श्वास सोडायचा. क्रेनने एकदा चहाचा कप ठेवायला वाकताना 'आई गं' केलं, तर म्हणे सर सांगतात गुडघ्यातून वाकायचं. वजन कसं उचलावं हे त्याला शिकवणारा अजून जन्माला यायचा होता, आणि त्याचीच बायको त्याच्याच घरात त्याला दुसऱ्याचे धडे ऐकवत होती! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच्या ट्रकच्या ड्रायव्हरने माहिती काढली. हा ड्रायव्हर त्याचा जुना दोस्त, आणि दुसऱ्याच्या घरातल्या भानगडीत त्याला फार रस. सर म्हणजे दिवसा कवळ्या बनवणारा माणूस. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या पुरवायचा आणि संध्याकाळी लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये जूडो शिकवायचा.

"कवळीवाला?" क्रेन खो खो हसला. पण हसू फार टिकलं नाही. कवळीवाला का असेना, बायको त्याचं ऐकत होती. तिच्या चालण्यात काहीतरी नवं आलं होतं, खांदे मागे गेले होते, आणि रविवारी सकाळी जूडोचा पांढरा जाड कोट दोरीवर वाळत घालताना ती गुणगुणत होती. आपल्या शर्टांना हे भाग्य कधी लाभलं, हे क्रेनला आठवेना. तो कोट दोरीवरून ओढून खाली फेकावा असं त्याला वाटलं. त्याला मत्सर वाटत होता. दुसरा शब्द नाही. एका कवळीवाल्याचा मत्सर.

मग त्याला ते वळ दिसले. बायको ताट वाढायला वाकली, बाही वर सरकली, आणि दंडाच्या खाली चार बोटांचे निळे डाग. कोणीतरी तिला घट्ट धरलं होतं.

"हे काय?"

"काही नाही," तिने बाही ओढली. "धरल्याचं आहे. जाईल."

त्याने पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, पण त्याला उत्तर नको होतं, कवळीवाला हवा होता. ती बोटं आपल्या बायकोच्या हातावर रुतलेली त्याला डोळे मिटले तरी दिसत होती.

गुरुवारी संध्याकाळी तो ड्रायव्हरला घेऊन लाँड्रीचा जिना चढला. वर इस्त्रीच्या वाफेचा वास, जमिनीवर जाड मॅट, आणि मॅटवर पाच-सहा बायका, दोन म्हातारे. मधोमध त्याची बायको एका दुप्पट जाडीच्या बाईला कमरेवर घेऊन फिरवत होती. जमलं तशी ती हसली. तोंड उघडून, मनापासून, मान मागे टाकून. हे हसू एके काळी क्रेनच्या विनोदांचं होतं. ते आता इथे येऊन राहिलं होतं.

कवळीवाला निघाला पन्नाशी उलटलेला, किडकिडीत, दोरी लावलेला चष्मा छातीवर लोंबत असलेला. त्याला बघून क्रेनला आणखीच राग आला. निदान देखणा तरी असायचा!

"मला पाडून दाखवा," तो बूट न काढताच म्हणाला.

"बूट बाहेर," कवळीवाला म्हणाला. "आणि आधी पडायला शिका, पाडायचं मग बघू. पहिला महिना आम्ही इथे फक्त पडतो."

"पडतो?" क्रेनने ड्रायव्हरकडे बघून डोळा मारला. "पडायचे धडे! त्याची फी पण घेता का हो? मी आजवर पडलेलो नाही. तुम्ही बायकांशीच खेळणार असाल तर तसं सांगा."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. कवळीवाल्याने एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तो काय समजायचं ते समजला. त्याने चष्मा काढून खिडकीत ठेवला. सगळ्यात मोठा कोट आणवला, तोही क्रेनच्या पोटावर मिटेना. शेवटी बायकोनेच पुढे होऊन पट्टा बांधला. गाठ मारताना ती खालच्या आवाजात म्हणाली, "पडताना हनुवटी छातीला लावा."

"तू त्याला सांग," तो म्हणाला.

कवळीवाला वाकून नमस्कार करायला गेला, तोवर क्रेन सुटला होता. फ्रिजला घालतात तशी त्याने त्याच्या कमरेला मिठी घातली आणि उचलायला गेला. पण फ्रिज जागेवर नव्हता. एक बारीकसं काहीतरी त्याच्या पोटाखाली शिरलं, छत फिरलं, आणि पुढच्या क्षणी तो चारी मुंड्या चीत. डोकं आपटलं नाही, कारण कवळीवाल्याने त्याची बाही वर ओढून धरली होती. हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"पाय घसरला," तो उठत म्हणाला. दुसऱ्या वेळी पाय घसरला असं म्हणायलाही त्याला सवड मिळाली नाही. तिसऱ्या वेळी कवळीवाला त्याच्या छातीवर आडवा पडून राहिला, आणि भल्या मोठ्या सोफ्याखाली सापडावं तसं क्रेनला हलता येईना. सोफा निदान इतका हलका तरी नसतो.

"थोपटा!" बायको ओरडली. "अहो, मॅटवर हाताने थोपटा, ते सोडतील!"

थोपटणं म्हणजे हरलो म्हणणं, एवढं त्याला कळत होतं. त्याने थोपटलं नाही. तो लाल झाला, जांभळा झाला, आणि शेवटी कवळीवाल्यानेच त्याला आपणहून सोडलं. ते सगळ्यात वाईट होतं. ड्रायव्हर भिंतीवरची इस्त्रीची जाहिरात फार लक्षपूर्वक वाचत होता.

"ताकद दांडगी आहे तुमची," कवळीवाला चष्मा घालत म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता. "पण तुम्ही समोरच्याला कपाट समजता. कपाट घाबरत नाही, माणूस घाबरतो आणि घट्ट धरतो. तुमच्या बायकोला हे आधीच माहीत होतं. पहिल्या दिवशी येऊन त्यांनी एकच विचारलं, आपल्याहून पुष्कळ जड माणसाला एकटीने, न दुखवता कसं हलवायचं?"

घरी येईपर्यंत क्रेनच्या डोक्यात तेच घोळत होतं. आपल्याहून पुष्कळ जड माणूस! घरात जड माणूस कोण, हे सांगायला कवळीवाल्याची गरज नव्हती. काकू निघून गेल्या आणि तो फुटला.

"मला हलवायचंय तुला? घरातून? त्याच्यासाठी शिकतेस हे सगळं?"

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. मग ती हसली, पण हॉलमधलं हसू ते नव्हतं. "तुम्हाला कशाला हलवू?" ती म्हणाली. "आईंची झोपायची वेळ झालीय. या, आज तुम्ही निजवा त्यांना."

"एवढंच ना?" तो बाह्या सरसावत आत गेला. खुर्चीतल्या आईच्या काखेत हात घालून त्याने तिला सरळ वर उचललं. आईचे पाय लोंबकळले, डावा खांदा ओढला गेला, आणि ती किंचाळली, "अरे पडले, पडले! सोड मला!" त्याने घाबरून तिला पुन्हा खुर्चीत टेकवलं. पोटच्या पोराला ती घाबरली होती.

"सरका," बायको म्हणाली.

ती आईसमोर उभी राहिली. पाय फाकवले, गुडघ्यात वाकली, आईचा लुळा गुडघा आपल्या गुडघ्याने अडवला, हात तिच्या पाठीमागे नेले. "आई, नाक माझ्या खांद्यावर. चला." तिने श्वास सोडला आणि कंबर वळवली. एवढी मोठी आई उभी राहिली, तिच्यासोबत हळूच वळली आणि पलंगावर बसली. फक्त उजव्या हाताने तिने बायकोचा हात गच्च धरला होता. पाठ गादीला टेकली तशी तिने एकेक बोट सोडलं.

"रोज?" त्याने विचारलं.

"सकाळी, दुपारी, रात्री. मध्ये बाथरूमला." बायको चादर नीट करत होती. "पहिल्यांदा दोघी पडलो होतो. तेव्हा माझी कंबर गेली. तुम्हाला सांगितलं होतं."

आपण काय उत्तर दिलं होतं, ते त्याला आठवलं. घरी क्रेन बंद.

सकाळी त्याने कंपनीत उशिरा येतो असं कळवलं. बायको पलंगाशेजारी उभी राहून सांगत होती, "वाका अजून. हात नको, कंबर. कपाट नाहीये ते, श्वास सोडा." आई म्हणाली, "सावकाश रे बाबा," आणि डोळे घट्ट मिटून तिने त्याचा हात धरला. इतक्या जोरात, की लोकांची कपाटं नेताना त्याला कधी दुखलं नव्हतं तेवढं दुखलं. तो सावकाश वळला. आई खुर्चीत बसली. तिने डोळे उघडले, आणि बायकोने पहिल्यांदा त्याच्याकडे बघून मान डोलावली.

दुपारी ट्रकमध्ये गाद्या चढवताना ड्रायव्हरला त्याच्या हातावरचे डाग दिसले. चार, निळे.

"बाप रे," तो म्हणाला. "कवळीवाल्याने चांगलंच धरलं होतं की तुला."

क्रेनने हाताकडे पाहिलं. "कवळीवाला नाही रे," तो म्हणाला. "आईची बोटं आहेत ही. वर्षभर बायकोच्या हातावर होती. मला आत्ता दिसली."