आजारी माणसाचा अंगठा

लुदियाच्या बापाने भाताचं शेत खरंच विकलं होतं का, हे सांगू शकणारा माणूस म्हणजे तो स्वतः, आणि तो अडीच वर्षं मागच्या खोलीत आजारी पडून होता. आजारी म्हणजे आम्हा इंडोनेशियातल्या तोराजांच्या घरात असतो तसा. श्वास थांबलेला, अंगात ते टिकवायचं औषध भरलेलं, उशाशी दोन वेळचं ताट. बळी द्यायला पुरेसे रेडे जमून उत्तरक्रिया होईपर्यंत अशा माणसाला गेला म्हणायचं नाही. कोणी म्हटलंच, तर अख्खं गाव त्याच्यावर तुटून पडतं.

रांतेपाओ शहरातल्या मोफत कायदा सल्ला केंद्रात अग्नेसबाईंनी लुदियाने आणलेला विक्रीचा कागद दोनदा वाचला. बाई तोराजाच, पण कायद्याच्या बाबतीत भीडभाड ठेवायच्या नाहीत.

"तारीख गेल्या जूनची. अंगठा बापाचाच का गं?"

"असेल. चुलतभाऊ लिंबोंग तेव्हा भेटायला आला होता. बाबांसाठी सिगारेटी आणल्या, दार लोटून तासभर बसला. आम्हाला वाटलं, पोराला काय माया आहे."

"माया! शाई घेऊन आला होता तो." बाईंनी चष्मा काढला. "मृत्यूची नोंद केलीत?"

"आजारी माणसाची कशी करणार?"

"इथेच घोळ झाला. सरकारी दफ्तरात तुझा बाप जूनमध्ये जिवंत होता, आणि जिवंत माणसाला शेत विकता येतं. नोंद झाली की हा कागद बाद. पण शेवटच्या घटकेला जवळ असणाऱ्याने दिवस, वेळ सांगून सही करायला हवी."

"जवळ फक्त आई होती."

"मग तिला घेऊन ये. सोमवारी तो लिंबोंग शेत आपल्या नावावर चढवतोय."

मायलेकींचं पोट त्या एका शेतावर होतं.

घरी आल्यावर लुदिया मागच्या खोलीत गेली. रोजचीच खोली, पण आज ती उंबऱ्याशी अडखळली. "बाबा, जरा हात बघते," ती सवयीने म्हणाली आणि कापड बाजूला केलं. सुकलेल्या अंगठ्याच्या नखाशी निळी शाई साचली होती. तिला भीती वाटली ती बाबा सगळं ऐकत असल्याची. भर दुपारी, उघड्या खिडकीत, तिला त्यांच्याकडे पाठ करवेना.

आई दारात उभी होती.

"मी पाहिली होती ती शाई," आई म्हणाली. "त्यांना विचारलंसुद्धा. बोलले नाहीत. म्हटलं, लिंबोंग घरचाच पोर, दिलं असेल मनाने. नवऱ्याच्या कामात मी कधी नाक खुपसलं नाही."

"आई, ते कसे देतील?"

"हळू बोल."

"हळू बोलून शेत जाईल. तुला सांगावं लागेल, ते कधी गेले."

आईने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. लुदियाची खात्री झाली की खाटेवरचा माणूस आता काहीतरी बोलणार. पोटच्या पोरीने आपल्याला मारलं, असंच म्हणेल.

तो काही बोलला नाही.

आई खाटेच्या कडेला टेकली. नवऱ्याचं कापड तिने नीट केलं. "रागावू नका," ती त्याला म्हणाली. मग लुदियाकडे न बघता बोलली, "लिही. मंगळवार, चार मार्च. पहाटे चारला दहा कमी होते. माझा हात धरला होता त्यांनी. तो सैल झाला."

म्हणजे हिला सगळं मिनिटासकट ठाऊक होतं. लुदियाने लिहून घेतलं. अक्षरं वेडीवाकडी आली.

तिने मान वर केली तेव्हा खोलीत ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. भीती गेली होती, आणि तिच्याबरोबर बाबाही. नुसतं एक प्रेत होतं, औषधाचा वास येणारं. त्या भीतीला तिने परत बोलावलं असतं.

आई उठली आणि खाटेला खेटून अंथरलेली आपली चटई गुंडाळू लागली.

"ही का काढतेस?" लुदियाने विचारलं.

"अडीच वर्षं नवऱ्याशेजारी झोपत होते," आई म्हणाली. "विधवेची जागा स्वयंपाकघरात."