बसून घेतलेलं माप

मी पॅंट बोलतेय. साधीसुधी नाही, मोटरसायकलवर घालायची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे एका फुटलेल्या गुडघ्याची गोष्ट आहे. त्या गुडघ्यापायी मला सहा आठवडे खुंटीवर टांगून ठेवलं होतं आणि येता-जाता बोल लावला होता. आज मला माझी बाजू मांडायची आहे.

एका लांबलचक खोलीत, शिलाई मशिनांच्या खडखडाटात माझा जन्म झाला. मी खास कडक उन्हासाठी बेतलेली. मांड्या आणि पोटऱ्या जाळीच्या, म्हणजे गाडी धावू लागली की वारा आरपार जावा. बसायच्या जागी आणि गुडघ्यांवर मात्र जाड कापड, रस्त्यावर घासलं तरी न विरणारं. गुडघ्यांशी आतून खिसे आणि त्यांत गाद्या. हाताने दाबा, मऊ लागतील. आपटा, टणक होतील. रंग फिकट राखाडी, कारण काळा रंग ऊन पिऊन बसतो.

सगळ्यात शेवटी एका बाईने माझ्या कमरेला आतून एक लेबल शिवलं. त्यावर गुडघे वाकवून मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचं चित्र होतं आणि खाली बारीक अक्षरांत चार ओळी. मला जे काही सांगायचं होतं ते त्या चार ओळींत होतं. माझी जीभच म्हणा ना.

दुकानात मी बरेच दिवस पडून होते. लोक यायचे, बोटांनी चाचपायचे आणि म्हणायचे, "एवढ्या उकाड्यात हे कोण घालणार?" मग तीच माणसं पातळ सुती विजारीत उन्हात भरधाव निघून जायची. माणसाला घामाची भीती वाटते, डांबराची वाटत नाही, हे मला तिथेच कळलं.

एके दिवशी एक मुलगी आली. सोबत तिचे वडील. मुलगी फिजिओथेरपिस्ट. लांब शिकून परत आलेली, आणि दवाखाना थाटायचा सोडून मोटरसायकलवरून घरोघर जाऊन आजाऱ्यांना चालायला शिकवणारी. लोक तिला कौतुकाने 'गुडघेवाली' म्हणायचे. वडील जन्मभर विजारी शिवलेले शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे.

"एका पोस्टमनचा पाय बघून आलेय मी," ती दुकानदाराला म्हणाली. "साध्या पॅंटीत घसरला बिचारा. गुडघ्यावर कातडीच उरली नाही. मला उन्हात घालता येईल असं दाखवा."

दुकानदाराने आधी चामड्याची पॅंट काढली. तिने ती नुसती मांडीवर घेतली आणि म्हणाली, "हिच्यात मी शिजेन." मग आतून अस्तर असलेली जाड जीन. ती तिने तोंडाशी धरून फुंकर मारली आणि पलीकडे तळहात धरला. वारा काही पोचला नाही. मग माझी पाळी. तिने फुंकर मारली आणि तिचा तळहात गार झाला. त्या क्षणी मला वाटलं, आपलं जमणार.

मास्तरांनी मला उलटी केली. शिंपी सुलटी बाजू बघतच नाही. शिवणीवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "तिहेरी टाका आहे. शिवणारीचा हात बसलेला आहे." मग चेहरा आंबट करून, "पण लांबी बघ. ही पॅंट आहे की झाडू? जमीन झाडत चालशील."

"लांबी काय, नंतर करून घ्या," दुकानदार म्हणाला. त्याला जेवायला जायचं होतं. माझी लांबी मुद्दाम तशी ठेवलीय, हे त्याने सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

घरात माणसं तीन. मास्तर, त्यांची लेक, आणि मास्तरांची धाकटी बहीण. लेकीची आत्या. काज-बटणं तिच्याकडे, आणि घरातलं शेवटचं वाक्यही तिच्याकडेच.

"घाल बघू," मास्तर म्हणाले. मुलगी मला घालून उभी राहिली. मास्तरांनी एक गुडघा जमिनीला टेकवला, ओठांत टाचण्या धरल्या, खडू काढला. चाळीस वर्षं ते माणसांचं माप असंच घेत आले होते: ताठ उभं राहा, समोर बघा, श्वास सोडा. उभं राहिल्यावर माझ्या गाद्या तिच्या गुडघ्यांच्या जरा खाली येत होत्या. यायलाच हव्यात. गुडघा वाकला की कापड वर ओढलं जातं आणि गादी बरोबर वाटीवर जाऊन बसते. पण मास्तर चुकचुकले. "कसले हे कारागीर! गुडघा एकीकडे, गादी दुसरीकडे."

त्यांनी गाद्यांचे खिसे उसवले आणि दोन इंच वर नेऊन शिवले. पायाची घडीही दोन इंच आत घातली. कापड मात्र कापलं नाही. "कापलेलं परत येत नाही," हा त्यांचा नेम. शेवटी कमरेतलं लेबल हाताला लागलं. "हे टोचेल हिला," म्हणून ब्लेडने ते उसवलं आणि न वाचताच बटणांच्या डब्यात टाकलं.

माझी जीभ अशी डब्यात गेली.

पहिल्या दिवशी आरशासमोर मी अशी काही देखणी दिसले की आत्याही म्हणाली, "दादा, हात आहे हो तुझा." मुलगी गाडीवर बसली, गुडघे वाकले आणि माझ्या गाद्या सरकून मांडीवर गेल्या. तिला ते जाणवलं. तिने एकदा मांडी चाचपलीही. मग स्वतःशीच म्हणाली, "नवीन आहे, बसेल हळूहळू. बाबांचं माप कधी चुकत नाही." मी ओरडले असते, पण कशाने?

तीन आठवडे आम्ही दोघी हिंडलो. दुपारी रस्त्यावरून वाफा निघायच्या, पण गाडी चालू असली की माझ्या जाळीतून वारा खेळायचा. आमचा रोजचा शेवटचा थांबा म्हणजे एका गवंड्याचं घर. बांधकामाच्या परांचीवरून पडून त्याच्या पायाचे तुकडे झाले होते. तो दारापर्यंत सात पावलं चालू लागला होता.

"ताई, आठवं पाऊल कधी?" तो विचारायचा.

"आठवं उंबऱ्याबाहेर आहे. उद्या," ती म्हणायची.

त्या 'उद्या'च्या दिवशी त्याच्याच घराच्या वळणावर कुणीतरी वाळू सांडून ठेवली होती. चाक गेलं. ती डाव्या गुडघ्यावर आपटली आणि दोन हात घसटत गेली. माझं जाड कापड फाटलं नाही, तिची कातडी शाबूत राहिली. पण आघात झेलणारी गादी होती मांडीवर, आरामात. गुडघ्याच्या वाटीला चीर गेली.

इस्पितळात मला एका पिशवीत कोंबून मास्तरांच्या हाती दिलं. घरी येऊन त्यांनी मला पाटावर पसरलं. डाव्या गुडघ्याचं कापड खरवडलेलं, धुळीने माखलेलं, आणि त्याच्या वर दोन इंचांवर गादी. तिच्यावरच्या कापडाला ओरखडादेखील नव्हता. मास्तरांनी त्या कोऱ्या गादीवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी मला खुंटीला अडकवलं आणि पाठ केली.

खुंटीवरून मला सगळं ऐकू यायचं.

"म्हणे पॅड आहेत, म्हणे चिलखत आहे," आत्या बटण लावता लावता म्हणायची. "गुडघेवालीचाच गुडघा फुटला. विकून टाक ती फटफटी."

मुलगी पाय स्टुलावर ठेवून बसलेली. आधी ती भांडायची. "आत्या, ज्याला चालता येत नाही त्यालाच आपण सांगतो, दवाखान्यात चालत ये. हे कुणाला तरी विचित्र वाटायला नको का?" पण दिवस गेले तसा तिचा आवाज खाली आला. गवंड्याचा फोन यायचा. "ताई, पाय पुन्हा आखडला हो. आता पाचावरच अडकलोय." ती त्याला फोनवर व्यायाम सांगायची आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे बघत बसायची.

एका मोठ्या इस्पितळाने तिला नोकरी देऊ केली होती. एकाच खोलीत, पंख्याखाली. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मास्तरांच्या मनासारखं होत होतं. लेकीने उन्हातान्हात भटकू नये, असं ते पहिल्यापासून म्हणत आले होते. आता काही म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं की झालं.

शनिवारी सकाळी एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण जुळवायला त्यांनी डबा पालथा केला. बटणांच्या ढिगातून माझं लेबल वर आलं. मास्तरांनी चष्मा लावला. चित्र पाहिलं. चार ओळी ओठ हलवत वाचल्या. मग लेबल शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बटण न शोधताच मशिनवर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी एक बाही उलटी शिवली. रविवारी दुसरी.

सोमवारी सकाळी मुलगी फोनवर होकार लिहीत होती. मास्तर उठले आणि त्यांनी मला खुंटीवरून काढलं.

"थांब. ते पाठवू नकोस."

"का? तुम्हालाच तर हवं होतं."

"हवं आहे. आजही हवं आहे." त्यांनी मला तिच्या मांडीवर उलटी ठेवली. "पण खोट्यावर नको. ही भोकं बघ. बारीक आहेत, ओळीने. मूळ शिवणीची. गादी इथे होती. मी वर नेली."

आत्याची सुई हवेतच थांबली.

मास्तरांनी खिशातून लेबल काढलं. "यावर लिहिलंय, माप बसून घ्या. तू बसून चालवतेस आणि मी तुला उभी करून मापलं. पॅंटीत खोट नव्हती. गाडीतही नव्हती. दोन इंच माझे आहेत."

"कधी कळलं तुम्हाला?"

"हे परवा सापडलं."

"म्हणजे दोन दिवस गप्प बसलात?"

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना 'हो' म्हणून सुटता आलं असतं. "नाही. शंका पहिल्याच दिवशी आली होती. गादीवर ओरखडा नव्हता ना. सहा आठवडे गप्प आहे मी."

मुलीने फोन पालथा ठेवला. ती रागावली होती, कान लाल झाले होते. जेवणं झाली तरी ती वडिलांशी बोलली नाही. मग ताटं उचलता उचलता एकदम म्हणाली, "मलाही लागत होती ती मांडीला. पहिल्या दिवसापासून. म्हटलं, मास्तरांचं माप आहे, आपण कोण बोलणारे." आणि वडिलांसमोर खुर्ची ओढून ती बसली. "घ्या आता. बसून घ्या."

"खुर्चीवर नाही," मास्तर म्हणाले. "गाडीवर."

टळटळीत दुपारी अंगणात मोटरसायकल स्टॅंडवर उभी राहिली. पायाचं प्लॅस्टर निघालेली मुलगी मला घालून बेताने वर बसली, आणि मास्तर खडू घेऊन खाली उकिडवे. त्यांनी तिला ब्रेक दाबायला लावला, गिअर टाकायला लावला, पाय टेकवायला लावला, आणि दर वेळी कापड कुठे सरकतं ते खडूने टिपलं. कपाळाचा घाम माझ्यावर ठिबकत होता. मग मशिनवर बसून त्यांनी आतली दोन इंच घडी सोडली, गाद्यांचे खिसे उसवले आणि जुन्या भोकांवरून, एकही न चुकवता, परत शिवले. ज्या बाईने मला पहिल्यांदा शिवलं, तिच्या टाक्यावर टाका.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली. मुलगी निघाली तर मास्तर हेल्मेट घालून दारात उभे. आयुष्यात कधी तिच्या मागे बसले नव्हते.

"तुम्ही कुठे?"

"मागे. गादी चालत्या गाडीवर कुठे जाते, मला बघायचंय."

"दादा, वेड लागलंय का?" आत्या ओरडली. "या वयात लेकीच्या पाठीमागे गुडघे बघत फिरणार?"

"फिरणार. आणि तू रुमाल दे एक, ऊन फार आहे."

आम्ही निघालो. मास्तर वाकून वाकून तिच्या खांद्यावरून खाली बघत होते, हातात खडू. वाळूच्या वळणावर मुलीने गाडी हळू केली. तिचे हात ताठरले, मला ते पायापर्यंत जाणवलं. मास्तरांनी पुढे झुकून तिच्या गुडघ्यावर बोटाचं पेर वाजवलं. ठक. "जागेवर आहे. चल."

ती चालली.

गवंड्याच्या दारात पोचलो तेव्हा तो भिंतीला धरून उभा होता. "अहो मास्तर, तुम्ही? सोडायला आलात का लेकीला?"

"माप घ्यायला आलोय," मास्तर म्हणाले. "तुमच्या आठव्या पावलाचं."

ते पाऊल त्या दिवशी पडलं नाही. अकराव्या दिवशी पडलं. इस्पितळाला नकार त्याआधीच गेला होता.

आता मी थोडी जुनी झालेय. डावा गुडघा खरवडलेला आहे, तिथे मास्तरांनी वरून एक जाड तुकडा लावलाय. जाळीत रोजची धूळ असते, मला आठवड्यातून एकदा साध्या पाण्यात बुडवतात. लेबल पुन्हा कमरेला शिवलंय, कडा आत दुमडून, टोचू नये म्हणून. मास्तरांच्या मशिनशेजारी एक जुनं सीट आणि हॅंडल लाकडी घोड्यावर ठोकून ठेवलंय. दुचाकीवाला पॅंट घेऊन आला की ते म्हणतात, "त्याच्यावर बसा. उभ्याने माप घेणं मी सोडलं." एकाने विचारलं, "मास्तर, उकडतं, गाद्या काढूनच टाका ना." मास्तरांनी त्याला माझा डावा गुडघा दाखवला.

तेव्हा माझं एवढं ऐका. मला निवडताना आरशासमोर ताठ उभे राहू नका. फुंकर मारून बघा, वारा पलीकडे येतो का. मग मला घालून बसा, गुडघे वाकवा आणि हाताने शोधा, गादी कुठे आहे. मांडीवर असली तर मुकाट्याने निघू नका. मापणारा तुमचा बाप असला तरी बोला. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

सकाळ झालीय. आज सहा घरं आहेत, शेवटी एक नवीन आजीबाई. मुलगी गाडीवर बसलीय, ऊन आत्ताच चटके देतंय. मास्तर टेप गळ्यात टाकून बाहेर आलेत. रोजच्यासारखे वाकतात, उजव्या गुडघ्यावर एकदा, डाव्यावर एकदा.

ठक. ठक.

"हं. जा आता."