न पुसलेले भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळेची कडी, लाकडी मूठ आणि मध्ये फुगीर काच, एवढाच माझा संसार. माझी काच घासणाऱ्या कारागिराने मला उजेडात धरून पाहिले आणि तो म्हणाला, "हे खोटं दाखवणार नाही." तेव्हा मी भलतेच फुशारले होते. आता ते शब्द आठवले की वाटते, मला मान असती तर ती खाली गेली असती.

समुद्रकाठच्या एका लहान संग्रहालयात मला काम मिळाले. तिथे एक बाई दगड पारखत. किनाऱ्यावर काही वेगळे सापडले की लोक ते रुमालात, टोपीत, डब्यात घालून आणत आणि विचारत, हा जीवाश्म आहे का? बाई दगड खिडकीजवळ नेत आणि मला त्यावर धरत. अंड्यासारखे गोटे बहुधा नुसतेच गोटे निघत. हाड असेल तर त्यात बारीक छिद्रे दिसत. सगळ्यांत फसवे म्हणजे झाडाचे चित्र असलेले दगड. भेगेत पाणी झिरपते, त्यातला काळा क्षार फांद्यांसारखा पसरतो आणि हुबेहूब पान उमटल्यासारखे वाटते. पण त्याला मधली शीर नसते. खऱ्या पानाला ती असते आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना बारीक शिरा फुटतात.

बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण शंभरातले नव्व्याण्णव दगड खोटे निघाले की 'नाही' म्हणायची सवय जडते. आधी बाई मला मऊ फडक्याने पुसून मगच हातात घेत. पुढे ते फडके चहाचे डाग पुसायला गेले. माझ्या काचेवर अंगठ्याचा तेलकट ठसा बसला, त्यावर धूळ बसली. मला सगळे धूसर दिसू लागले, पण मी सांगणार कसे?

एके दिवशी जेवणाच्या वेळेला एक गवंडी आला. लाटा अडवायला तो किनाऱ्यावर भिंत बांधत होता आणि दगड तिथलाच खडक फोडून काढत होता. त्याने तळहाताएवढी एक कपची टेबलावर ठेवली. खडकाच्या अख्ख्या थरात अशी पाने आहेत, फोडायला हात धजत नाही, बाईंनी हो म्हटले तर मुकादमाला सांगून काम थांबवतो, असे तो म्हणाला.

बाईंनी डबा बाजूला सरकवला आणि मला न पुसताच उचलले.

"डाग आहे, मिस्त्री. असे शेकड्यांनी पाहिलेत मी. खुशाल फोडा."

गवंड्याने मान डोलावली आणि कपची तिथेच ठेवून तो गेला. पुढे तीन महिने ती कागद उडू नयेत म्हणून वापरात होती.

मग झाडलोट करणाऱ्या मावशींनी एका सकाळी मला साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुतले. बाई माझ्यातून एक पत्र वाचत होत्या, तेवढ्यात कपची माझ्याखाली आली. मधली शीर. तिच्या दोन्ही बाजूंना शिरा. कडेला तर किड्याने कुरतडलेले भोकही. बाईंनी कपची खिडकीजवळ नेऊन पुन्हा एकदा पाहिली. मग मला पिशवीत टाकून त्या तडक किनाऱ्यावर गेल्या.

भिंत पुरी झाली होती आणि गवंडी अवजारे आवरत होता. बाईंनी काही न लपवता सगळे सांगितले. गवंड्याने हातातली थापी खाली ठेवली.

"सगळा थर भरावात गेला, बाई. एक फरशी तेवढी माझ्याच्यानं फोडवली नाही. ती अख्खी बसवली, पानं आतल्या बाजूला करून."

"कुठे?"

"आता नाही सांगता येणार. तुम्ही डाग म्हणालात, म्हणून खूण केली नाही."

आता ती कपची काचेच्या कपाटात आहे. खालच्या चिठ्ठीवर बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, 'हे पान एका गवंड्याने ओळखले. मी ओळखले नाही.' बाई मला दर दगडाआधी पुसतात, आणि संध्याकाळी मला घेऊन त्या भिंतीच्या कडेने चालतात. हजारो दगड आहेत. मिस्त्रीचे काम पक्के आहे, आणि भिंतीमागे लोकांची घरे आहेत. ती पडावी अशी इच्छा तरी कशी करावी?

मित्रांनो, 'नाही' म्हणायला माझी हरकत नाही. फक्त त्याआधी मला एकदा पुसा.