विमानबाई

जळते मी मानसीवर. घरात सगळ्यांना कळलंच आहे, तर आता लपवून काय करू?

मानसी म्हणजे माझी धाकटी जाऊ. मालवणहून लग्न करून बोरिवलीला आली, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते. स्वभावाने चांगली आहे, तेच तर दुखणं आहे. वाईट असती तर चार शब्द सुनावून मी मोकळी झाले असते.

मी आवाजाचं काम करते. तुम्ही मला ऐकलंय, फक्त ओळखत नाही. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणते ती मी. फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणून ताटकळत ठेवते तीही मीच. लोक माझ्यावर वैतागून फोन आपटतात आणि नाव कुठेच नाही. म्हणून सौरभचं काम आलं तेव्हा मी हुरळून गेले. सौरभ अंधेरीत शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. या खेपेला विषय होता विमान. स्क्रीनवर विमान धावणार, इंजिन उघडून आतलं सगळं दिसणार, आणि एक बाई मराठीत समजावून सांगणार. मग प्रश्न. पहिला भाग मुलांना आवडला तर पुढचे सगळे, हेलिकॉप्टर, विमानतळ, माझेच. आणि सुरुवातीलाच पडदाभर अक्षरं : 'तुमच्या विमानबाई, नलिनी'. मी त्याचा फोटो काढून माहेरी पाठवला. इतकी वर्षं बोलत होते, पहिल्यांदा कुणीतरी नाव लावलं होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मानसी म्हणाली, "ताई, माका पण स्टुडिओ बघूचो आसा." म्हटलं चल, डबा तरी धरशील.

मी काचेच्या खोलीत धडा वाचला. "विमानाचे पंख हवेला खाली ढकलतात आणि हवा विमानाला वर उचलते." स्पष्ट, गोड, एकही अडखळ नाही. बाहेर आले तर सौरभ मानसीला प्रश्न दाखवत होता. विमानाला हवेत कोण उचलून धरतं? त्याने गंमत म्हणून चाकांवर बोट ठेवलं. मानसीला राहवलं नाही. म्हणाली, "चाकां? अरे झिला, थंय आभाळात काय डांबरी रस्तो आसा?"

सौरभ खुर्चीतून पडायचा बाकी होता. मला म्हणाला, "मॅडम, चुकीच्या उत्तरांना यांचा आवाज घेतला तर?"

आणि मी शहाणी. मी म्हटलं, "घे की, चुकांनाच तर घ्यायचाय." स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतात तो असा. मानसी लाजत आत गेली आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला तोंडाला येईल ते बोलून आली. कागद नाही, तयारी नाही. शेपटीवर बोट ठेवलं तर म्हणे, "शेपटी हलवन इमान वर जाता? ता काय कुत्रो आसा?"

पंधरवड्याने घाटकोपरच्या एका शाळेत पहिल्यांदा दाखवायचं ठरलं. सौरभने आम्हा दोघींना बोलावलं. मी इस्त्रीची कॉटन साडी नेसले, मानसी नेहमीच्या ड्रेसवर आली. माझा धडा सुरू झाला, मुलं गप्प बसून ऐकत होती. माझी छाती फुगली. मग प्रश्न आला, एका मुलाने घाईत चाकं दाबली आणि मानसी बोलली.

वर्ग हसून कोसळला नुसता. पुढच्या प्रश्नाला सगळ्यांनी ठरवून शेपटी दाबली, त्याच्या पुढच्याला खिडकी. बरोबर उत्तराला मी 'शाब्बास, अगदी बरोबर' म्हणते, तिथे कुणी बोट लावेना. त्यांच्या टीचर म्हणाल्या, "अरे, उत्तर येतं ना तुम्हाला?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "येतं टीचर. पण बरोबर दिलं की ती बोलतच नाही ना."

मग कुणीतरी सांगितलं की ती बाई इथेच आहे. झालं, सगळी पोरं तिच्याभोवती. 'आम्हाला ओरडा ना, आम्हाला ओरडा ना.' ओरडून घ्यायला रांग लागलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मानसी बिचारी माझा हात धरून म्हणते, "खऱ्या विमानबाई ह्या." एका पोराने मला नीट निरखलं आणि विचारलं, "आमच्या लिफ्टमध्ये तुम्हीच आहात का?"

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. रिक्षात मानसी म्हणाली, "ताई, तुमी रागावलास?" मी म्हटलं, "छे गं, मी कशाला रागावू." दुसऱ्या दिवशी तिने सोलकढी पाठवली. चांगली झाली होती, त्याचाही राग आला. सगळी प्यायले.

आठवड्याभरात सौरभचा फोन आला. शाळेची तक्रार होती. मुलं मुद्दाम चुकतात, एकाचंही उत्तर बरोबर येत नाही. "मॅडम, यावर उपाय सापडलाय. दोघी या." मला वाटलं, सुटले. मानसीचा पत्ता कट. तिच्यासाठी मला क्षणभर वाईटसुद्धा वाटलं, एवढी मी खूश होते.

स्टुडिओत सौरभने चहा मागवला. म्हणाला, "अदलाबदल करू. धडा मानसीताई सांगतील, शाबासकीही त्याच देतील. म्हणजे त्यांना ऐकायचं तर उत्तर बरोबर द्यावंच लागेल. आणि चुकीच्या उत्तराला तुमचा आवाज." हे त्याने इतक्या आदराने सांगितलं की भांडायची सोय उरली नाही.

"आणि नाव?" मी विचारलं.

"विमानबाई आता मानसीताई ना. तुमचं शेवटी येईल, आभारात."

उठून जाता आलं असतं. पण गेले असते तर आभारातसुद्धा नसते. मी काचेच्या खोलीत गेले. सौरभ बाहेरून हेडफोनमध्ये म्हणाला, "मॅडम, गोडवा नको. आपल्याला जे माणूस नको असतं, त्याच्याशी बोलतो तसं."

समोर काचेपलीकडे मानसी बसली होती. मला बघून तिने हसून अंगठा दाखवला. मी तिच्याकडेच बघत म्हटलं, "उत्तर चुकलं. पुन्हा विचार करा."

"झकास," सौरभ म्हणाला. "दुसरा टेक नकोच."

हल्ली त्या शाळेत सगळ्यांची उत्तरं बरोबर येतात म्हणे. सौरभ खूश आहे, पुढचे भागही मंजूर झाले. त्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं, की मॅडम, हे सगळं तुमच्यामुळे. एकदा तुमचा आवाज ऐकला, की मुलं परत तो कानावर पडू देत नाहीत.